शुक्रवारी सजलेलं दार

“यंदाचं दार दीना सजवील! आन् सांगून ठेवते, कुनी तिच्या मधी मधी करायचं न्हाई!”

सासूबाईंनी, म्हणजे साळूबाईंनी, हे जाहीर केलं मात्र, आणि चुलीपुढे बसलेल्या मरियमचे भाकरी थापणारे हात एकदम थबकले... क्षणभरच! दुसऱ्याच क्षणी तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि अगदी सहज आवाजात म्हणाली, “बरं हुईल, आत्याबाई. नव्या हातानं सजू द्या की दार.”

आवाज सहज होता खरा. पण मन मात्र दारापाशी अडकलं होतं. दार... तिचं दार! वर्षभर राबणाऱ्या त्या बाईनं स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट राखली होती, आणि आज तीही कालवणाची वाटी सरकवावी तितक्या सहज दुसरीपुढे सरकवली गेली होती.

शेवगावच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या त्या गावातल्या ख्रिस्ती आळीत ईस्टरचा सण म्हणजे दारांचा सण. पहाटेची उपासना आटोपली, की टाळ-मृदंगाच्या तालावर भजनं गात सारी आळी घरोघर जायची आणि प्रत्येक दारापुढे थांबून सजावट डोळे भरून पाहायची. कुणाचं दार चांगलं, कुणाचं फिकं, याची चर्चा पुढे पावसाळ्यापर्यंत पुरायची. लढाईच्या आधी हौशी बाया नगरहून रंगीत कागद आणून पताका लावायच्या. पण आता पंचेचाळीस साल उजाडलं तरी लढाई काही सरत नव्हती, आणि वाण्याला पुड्या बांधायला कागद मिळेना, तिथे पताकांना कोण देणार? तेव्हा सगळ्यांचीच दारं पानाफुलांवर आली होती. मरियमला त्याचं काही नवल नव्हतं. तिनं कधी कागदाला हात लावलाच नव्हता! ओढ्याकाठच्या शिंदीच्या पात्या, पळसाची केशरी फुलं, आंब्याची तांबूस कोवळी पालवी, कडुलिंबाचा मोहर आणि खळ्यावरून मागून आणलेल्या गव्हाच्या ओंब्या... फाल्गुन-चैत्राच्या उन्हात रानात जे मिळेल ते ओच्यात भरून ती आणायची, आणि त्यातून असं काही दार उभं करायची, की पाळकसाहेबसुद्धा भजनाचं कडवं विसरून पाहत राहायचे.

पण मरियमच्या नशिबात सजवलेलं दारच तेवढं होतं. नवरा सत्यवान लग्नानंतर तीन वर्षांत विषमज्वरानं गेला. पदरी मूल नाही. नेवाशाकडचा तिचा भाऊ कृपादान तेव्हा तिला न्यायला आला होता. एक चांगलं स्थळही त्यानं पाहून ठेवलं होतं. पण त्या वेळी धाकटा दीर शलमोन दहा वर्षांचा, तापानं फणफणलेला, वहिनीचा पदर मुठीत धरून झोपलेला... मरियमनं तो पदर सोडवला नाही. “दादा, तू जा. ह्याला बरं वाटलं की मग बघू,” असं ती म्हणाली, आणि ते ‘मग’ पुढे कधी आलंच नाही. शलमोन शिकला, मिशनच्या शाळेत मास्तर झाला आणि यंदाच्या माघात त्याचं लग्नही झालं.

नवी नवरी दीना नगरच्या बोर्डिंगातली. आईबाप आठवतही नव्हते, इतकी लहान असताना ती तिथे आली, आणि तिथेच वाढली, शिकली. पेटी वाजवायची, रुमालावर गुलाब असे भरायची की वास घ्यावासा वाटावा. पण साळूबाईंचं फर्मान ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. जेवणं उरकताच ती गोठ्यामागे मरियमला गाठून म्हणाली, “आक्का, मला कागदाचीच फुलं येतात हो! खरी फुलं मी नुसती फुलदाणीत ठेवलीत. आता काय करू?”

तिचे ते भ्यालेले टपोरे डोळे पाहिले, आणि मरियमच्या मनातली सारी सल कुठल्या कुठे विरून गेली. या पोरीनं आपलं काय हिरावून घेतलंय? हिला तर कुणी आजवर काही दिलेलंच नाही!

“रडतीस कशाला, येडे? आत्याबाई म्हनल्या, मधी कुनी करायचं न्हाई. गोठ्यामागं करू नगा, आसं कुटं म्हनल्या?”

झालं! त्या दिवसापासून गोठ्यामागे दोघींची शाळा भरू लागली. शेण काढायच्या निमित्तानं मरियम जाई, गाभण कपिला गाईला कोंडा घालायच्या निमित्तानं दीना. ओंब्या रात्रभर भिजवल्या की काड्या मोडत नाहीत, वाकतात; शिंदीची पाती टोकाकडून नाही, देठाकडून चिरायची; पळसाची फुलं ओल्या गोणपाटात गुंडाळली की तजेला टिकतो... मरियम सांगत होती आणि दीना बोटं कापून घेत होती. शिंदीच्या पातीचा पहिला पोपट तिनं मोठ्या अभिमानानं पुढे केला, तेव्हा मरियमनं तो उलटासुलटा करून पाहिला.

“ब्येस झालाय बेडूक.”

“आक्का! पोपट आहे तो!”

“आसंल. पावसात भिजला आसंल बिचारा.”

दोघी इतक्या हसल्या, की कपिला दावणीवरून मान वळवून बघू लागली. कितीतरी वर्षांत मरियम अशी हसली नव्हती. आपल्याला बहीण असती तर ती अशीच असती का, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिनं उगीचच डोळे पुसले.

इकडे आळीत मात्र वेगळाच कढ उतू जात होता. शेजारच्या गोजरबाईंना दुसऱ्याच्या घरातलं जितकं दिसायचं, तितकं स्वतःच्या घरातलं कधी दिसलं नाही. “साळूबाई, थोरली यंदा पानाफुलाकडं ढुंकून बघत न्हाई, ध्यानात आलं का तुमच्या? जळतीया वो! इतकी वरसं हिचं दार, हिचं दार म्हनून लोक नाचले ना!” साळूबाईंनी ते हसण्यावारी नेलं, पण ते कानात राहिलं ते राहिलंच. साळूबाई मनानं वाईट नव्हत्या. रागीट मात्र भारी! त्यांचं डोकं तापायला वेळ लागत नसे, आणि तापलं की तोंडातून काय निघेल त्याचा नेम नसे.

असा उत्तम शुक्रवार उजाडला.

त्या आळीची एक जुनी चाल होती. उत्तम शुक्रवारी सकाळी प्रत्येक दाराच्या चौकटीत बाभळीची एक काटेरी डहाळी खोवायची. प्रभूच्या माथ्यावर काट्यांचा मुकुट घातला, तो हा दिवस. रविवारची पहाट होईपर्यंत घरात फूल म्हणून आणायचं नाही, बायांनी डोक्यात माळायचं नाही. ही चाल इतकी अंगवळणी पडलेली होती, की नव्या सुनेला ती सांगावी, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. साळूबाईंनी डहाळी खोवली ती दीना उठून बाहेर येण्याआधीच.

दुपारच्या उपासनेला सारं घर निघालं; पण कपिलेचे दिवस भरले होते, म्हणून साळूबाई म्हणाल्या, “दीना, तू ऱ्हा घरी. गाईवर ध्यान ठेव.”

दीना एकटी राहिली. गोठ्यात जाऊन आली. कपिला निवांत होती. दारात येऊन पाहते, तर चौकटीत वाळकी काटेरी डहाळी! वाऱ्यानं अडकली असेल, कुणाच्या डोळ्यात जायची, असं म्हणून तिनं ती काढली आणि चुलीत घातली. मग गोठ्यामागचा गोणपाट उलगडून पाहिला, तर पळसाची फुलं उन्हानं मलूल व्हायला लागलेली. बोर्डिंगात शुक्रवारची सुट्टी असायची, म्हणून मुली उपासनेहून आल्या की लगेच प्रार्थनेच्या दालनाची सजावट करायच्या, कारण शनिवारी धुणी असत! तिच्या लेखी ईस्टरची सजावट म्हणजे शुक्रवारचंच काम. उखळ पालथं घालून ती त्यावर चढली. उपासनेहून सगळी येतील आणि दार पाहून थक्क होतील! आक्का तर केवढी खूश होईल!

मरियम सगळ्यांच्या थोडी पुढे निघाली होती. गाईची काळजी तिला स्वस्थ बसू देत नव्हती. वळणावर येऊन तिनं घराकडे पाहिलं आणि ती जागीच खिळली. दार नुसतं पेटल्यासारखं दिसत होतं! केशरी पळस, तांबूस पालवी, सोनेरी ओंब्यांचं झुंबर, आणि त्याखाली उखळावर उभी दीना, हसऱ्या चेहऱ्याची, केसांत पळसाचं एक फूल खोवलेली...

“आक्का, बघा ना! सगळं माझ्या हातानं बांधलं! तो पोपटसुद्धा बसवला!”

“दीना... बाभळीची डहाळी कुटं हाय?”

“ती होय? ती चुलीत घातली.”

मरियमनं मागे पाहिलं. वळणापलीकडून पावलांचा आवाज येत होता. पांढऱ्या कपड्यांतली, खाली मान घातलेली, प्रभूचे क्रुसावरचे सात उद्गार नुकतेच ऐकून डोळे ओले झालेली सारी आळी त्या वाटेनं येत होती. सगळ्यांत पुढे साळूबाई! आता तोरण उतरवायला वेळ नव्हता. तिच्या मनात एकच विचार विजेसारखा चमकला: आत्याबाई रागाच्या भरात काय म्हणतात ते ठरलेलं आहे, आणि ते शब्द या पोरीवर पडले, तर हिनं जायचं कुठं?

“दीना, कपिला हंबरली बघ! गोठ्यात पळ! आन् मी हाक मारल्याबगर बाहेर यायचं न्हाई!” असं म्हणत तिनं धावत जाऊन दीनाच्या केसांतलं फूल ओढून काढलं आणि स्वतःच्या मुठीत धरलं. दीना पळाली. मरियम उखळाशेजारी उभी राहिली.

पुढचं काय सांगावं! साळूबाईंनी दाराकडे पाहिलं, आणि त्यांच्या मागून येणारी आळीच्या आळी थांबली. गोजरबाईंनी तेवढा “अगं बाई!” म्हणून तोंडाला पदर लावला, पदराआडचे डोळे मात्र चांगले उघडे होते.

“ह्ये कुनी केलं?” साळूबाई कडाडल्या.

“म्या केलं, आत्याबाई.” मरियमनं मूठ उघडली. पळसाचं फूल खाली पडलं.

“तू? तू केलंस? आजच्या दिशी? पंधरा वरसं ह्या घरात ऱ्हाऊन तुला ठावं न्हाई व्हय आज काय हाय त्ये?”

साळूबाईंनी पडलेलं फूल पायानं बाजूला सारलं.

“खरं बोलत हुती गोजरबाई! नव्या सुनेचं कवतिक तुला बगवंना! तिच्या हातचं दार रईवारी सजू नये, लोकांनी थुकावं, म्हनून तू ह्यो डाव केलास! आगं, प्रभू क्रुसावर हाय आज, आन् तू दारात फुलं लावलीस?”

शलमोन पुढे झाला. “आई, थांब जरा. वहिनी असं करणार नाहीत...”

वर्गात छडी घेऊन साठ पोरांना गप्प बसवणारा शलमोन मास्तर. पण आईचा एक कटाक्ष आला आणि त्याचं वाक्य तिथंच संपलं. त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या डोळ्यांत एकच आर्जव होतं... बोलू नको! लहानपणी पदर धरून तो ज्या डोळ्यांच्या भरवशावर झोपायचा, ते डोळे त्यानं ओळखले आणि काही न समजताही तो गप्प राहिला.

साळूबाईंनी तोरण ओरबाडून काढलं, ओंब्यांचं झुंबर उकिरड्यावर भिरकावलं आणि मग तो शब्द उच्चारला. “रईवारी तुझा भाऊ सनाला येतोयच गाडी घिऊन. बस त्या गाडीत आन् जा म्हायेरी. माझ्या घरात आता तुझी जागा न्हाई!”

भिंतीपलीकडे गोठ्यात दीनानं सारं ऐकलं होतं. ती धावत बाहेर यायला निघालीही होती. पण कपिलेनं नेमका तोच मुहूर्त साधला! वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आलेले, आणि जन्मात कधी मांजरीचंसुद्धा बाळंतपण न पाहिलेली दीना दारात आणि दावणीत अशी मधेच लटकलेली... थोड्या वेळानं मरियम आत आली, तेव्हा ती शेणात बसली होती, मांडीवर ओलं चिंब वासरू, आणि गालांवरून अश्रूंच्या धारा!

“आक्का... कालवड झाली! आणि मी बाहेर जाऊन खरं सांगणार आहे! आत्ताच सांगणार!”

“गप बस. आदी तिचं नाक पूस, श्वास घिऊ दे तिला.” मरियम खाली बसली आणि पदरानंच वासराला पुसू लागली. “ऐक माझं. तू सांगितलंस, तर आळी म्हनंल, मास्तराची बायकू देवाधर्माची न्हाई. जलमभर म्हनंल. मला काय, मी जाईन दादाकडं. मला जायला घर तरी हाय.”

“आणि मला?” दीना हुंदके देत म्हणाली. “मला हे घर मिळालं, ते तुमच्यामुळे मिळालं ना! तुम्ही नसाल तर हे घर कसलं?”

मरियमनं त्या पोरीला शेणामातीसकट छातीशी धरलं. मधे सापडलेलं वासरू धडपडू लागलं, तेव्हा दोघी रडता रडता हसल्या.

“रईवारचं दार चांगलं सजव म्हंजी झालं,” मरियम म्हणाली. “तेवढं बघून जाईन मी.”

शनिवारी दीना एकटीच ओढ्यावर गेली आणि बांबूचा हारा पानाफुलांनी भरून आणून तिनं घरात नव्हे, गोठ्यामागेच ठेवला. मरियमला आता कशाला हात लावायची बंदी होती. ती आत बसून आपली लुगडी गाठोड्यात बांधत होती. पण कान गोठ्यामागे होते. “ओंब्या भिजवल्यास का ग?” असं ती खिडकीतून हळूच विचारी, आणि “भिजवल्या,” एवढंच उत्तर येई. एरवी चिवचिवणारी पोर आज इतकी शांत! दुःख झालंय बिचारीला, असं मरियमला वाटलं. रविवारच्या दाराचं तिनं मनातल्या मनात कितीदा तरी चित्र रंगवलं. इथून जाताना शेवटचं म्हणून तेच डोळ्यांत घेऊन जायचं होतं.

रविवारची पहाट झाली. ओढ्याकाठी उपासना झाली, “प्रभू उठला आहे!” “खरोखर उठला आहे!” असा गजर झाला, आणि कोवळ्या उन्हात टाळ-मृदंग घुमू लागले. दीना डोकं दुखतंय म्हणून उपासना संपता संपता घरी निघून आली होती. दार सजवायला गेली असेल, म्हणून साळूबाईही काही बोलल्या नव्हत्या. दारामागून दारं झाली. गोजरबाईंच्या दाराला आंब्याची पानं होती, पण त्यांवर मुंग्याही होत्या; भजन म्हणताना दोघांना चावल्या. मंडळी हसत खिदळत साळूबाईंच्या अंगणात आली, आणि मृदंग थांबला.

दारावर एक फूल नव्हतं. एक पान नव्हतं. चौकटीत, मधोमध, बाभळीची हिरवी काटेरी डहाळी खोवलेली होती, आणि दारात हात जोडून दीना उभी होती. तिच्या पायाशी हारा भरलेला होता. पळस, पालवी, मोहर, ओंब्यांचं गुंफलेलं झुंबर, सारं काही तयार. फक्त लावलेलं नव्हतं.

“दीना! ह्ये काय?” साळूबाई ओरडल्या. “आगं, प्रभू उठला आज! काटे काय लावतीस?”

दीनाचा आवाज उपासनेत शास्त्रपाठ वाचावा तसा स्वच्छ निघाला. “आत्याबाई, शुक्रवारी दार मी सजवलं होतं. डहाळी मीच जाळली. मला चाल माहीत नव्हती. आक्कांनी माझी चूक स्वतःवर घेतली, आणि तुम्ही त्यांना घराबाहेर काढलंत. आळीचा शुक्रवार संपला असेल... माझ्या घरचा अजून संपलेला नाही. आक्का या घरातून जाणार असतील, तर या दाराला मी काटेच ठेवीन. मग मलाही जा म्हणा!”

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

साळूबाई मरियमकडे वळल्या. “खरं का ग ह्ये?”

मरियमची मान खाली होती. “तिला ठावं नव्हतं, आत्याबाई. लेकरू हाय.”

“मग माझ्या तोंडावर लबाड का बोललीस?”

“तिला म्हायेर न्हाई, आत्याबाई... तुमी रागाच्या भरात तिला जा म्हनला असता, तर ती कुटं गेली आसती? मला निदान दादा तरी हाय.”

साळूबाई मटकन ओट्यावर बसल्या. मग त्या हळूच, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, “म्हंजी... मी जा म्हननार, ह्ये तुला आदीच ठावं हुतं! माझं पोर वाढवलंस, माझी दुखनी काढलीस, आन् तुझ्या मनात माझी वळख ही... की ही म्हातारी चिडली की घराभाईर काडती!”

“आत्याबाई, तसं न्हवं...”

“तसंच हाय! आन् म्या काडलीच की!” असं म्हणून म्हातारी जी उठली ती तरातरा घरात गेली.

तेवढ्यात अंगणात घुंगरं वाजली. कृपादानची बैलगाडी आली होती! बिचारा सणाचं नवं मुंडासं बांधून, गूळ-शेंगा घेऊन आलेला, अंगणातले ते ओले चेहरे पाहून “सलाम!” म्हणायलाही विसरला. साळूबाई घरातून बाहेर आल्या त्या काखेत गाठोडं मारून. कुणाकडेही न पाहता त्या गाडीशी गेल्या, चाकावर पाय ठेवला आणि वर चढून बसल्या!

“चल रं, किरपादान. हाक गाडी.”

“आं? आत्याबाई, कुटं?”

“तुझ्या घरी! ज्यानं चूक केली त्यानं जायाचं. घर तिचं हाय, मी कोन तिला घालवनार?”

“आत्याबाई!” मरियम धावली. “आवो, खाली उतरा! आन् ते गाठोडं माझं हाय!”

“आसू दे तुझं! तुझी लुगडी नेसंन मी! मला न्हाई उतरायचं!”

आता मात्र अंगणात हशा पिकला. शलमोननं विनवलं, पाळकसाहेबांनी शास्त्रवचन सांगितलं, गोजरबाईंनी पदर धरून ओढलं. साळूबाई ढिम्म! गाठोडं मांडीवर घट्ट धरून त्या समोर बघत होत्या. त्यांच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही त्या तयार नव्हत्या.

“कुनाचंबी ऐकायची न्हाई मी. घरची मालकीन काय म्हनती, त्येवढंच ऐकंन.” आणि त्यांनी मरियमकडे पाहिलं. त्या नजरेत जरब नव्हती. त्या नजरेत एक व्याकुळ मागणं होतं, जे तोंडानं मागायची सवय त्या बाईला उभ्या जन्मात लागली नव्हती.

मरियमला ते कळलं. इतक्या वर्षांत सासूपुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. ‘बरं आत्याबाई’ आणि ‘व्हय आत्याबाई’ यापलीकडे ती गेली नव्हती. आज तिनं कमरेला पदर खोचला, गाडीच्या चाकाला हात टेकला, आणि डोळ्यांतून धारा वाहत असताना, हसू आवरत, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

“आत्याबाई! उतरता का न्हाई खाली? सनासुदीचं घर हाय, चुलीवर अजून आदन न्हाई, आन् तुमी गाडीत बसून खेळ करताय! उतरा म्हनते ना!”

बैलसुद्धा दचकले. साळूबाईंचा चेहरा उजळला.

“आता कसं!” त्या म्हणाल्या, आणि गाठोडं आधी कृपादानच्या अंगावर टाकून, थोरल्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवत खाली उतरल्या. उतरल्या त्या तिच्या गळ्यातच पडल्या. “बाय माझी... पुन्यांदा जा म्हनले ना, तर आशीच वरड माझ्यावर...” एवढंच त्यांना बोलता आलं.

दीना दारातच उभी होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत. साळूबाईंनी मरियमच्या खांद्यावरून मान वर केली आणि डोळे पुसत तिला हाक मारली, “आगं ये बोर्डिंगवाली! संपव की आता तुझा शुक्रवार! लोकं उपाशी हायेत!”